पान काय नि पूड काय

नॉटिंगहॅम
८ फेब्रुवारी १९९८

ती. मधुमतीवहिनींना,
सुनीतीचा नमस्कार.

पाकिटावर सवयीनं ‘सौ.’ लिहिलं, मग ते पाकीट फाडून दुसरं घेतलं. दादाला जाऊन उद्या महिना होईल, पण हाताला अजून ते कळलेलं नाही.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. गेल्या चार वर्षांत तुमचं अक्षर मी फक्त हॅरोला तुमच्या फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर पाहिलं. ‘दोन वाजता गोळी.’ ‘उजवा हात उशीवर ठेवणे.’ मी भावाला भेटायला यायचे तेव्हा तुम्ही कोट चढवून बाहेर पडायच्या आणि माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली की परत यायच्या. नणंदा-भावजया जगात भांडतात, पण इतक्या शिस्तीत कुणी भांडलं नसेल. त्यामुळे पाकीट बघून मी आधी घाबरलेच. आत एकच ओळ होती : ‘तू फार्मसिस्ट आहेस. खरं सांग, माझ्या मेथीमुळे झालं का?’

वहिनी, पक्षाघाताला एक कारण असं नसतं. दादाला लहानपणी सांधेताप झाला, त्यात हृदयाची झडप खराब झाली, त्र्याऐंशी साली कृत्रिम झडप बसवली. अशा माणसाच्या रक्तात गुठळी व्हायची भीती जन्मभराची. म्हणून तर ती रक्त पातळ ठेवायची गोळी, ते पिवळं पुस्तक, दर तीन महिन्यांनी रक्त देऊन ते किती पातळ आहे त्याचा आकडा त्यात लिहून आणणं. हिरव्या पानांचं आणि त्या गोळीचं हाडवैर आहे हेही खरं. पानातलं के जीवनसत्त्व गोळीचं काम हाणून पाडतं. चार वर्षांपूर्वी दादा पडला त्या पंधरवड्यात तुमची बहीण नंदा आली होती, वेम्बलीहून मेथीच्या जुड्या आणल्या होत्या, पराठे झाले होते. त्याचा थोडा हात असेलही, नसेलही. तेव्हा थंडी होती, कामाचा ताण होता, दादाचं वजन वाढलं होतं. आता खपली काढून काय हाती लागणार?

तुम्ही जेवणाची हेळसांड करू नका. एकटीसाठी कोण रांधणार, असं होतं ते मला माहीत आहे. मी बिनलग्नाची, वीस वर्षं एकटीचाच कुकर लावते आहे. पण हल्ली रविवारी तुमची मीनल आत्याकडे म्हणून जेवायला येते, त्यामुळे एक दिवस तरी चार पदार्थ होतात. ती मजेत आहे. पहिल्या सहामाहीत मार्क चांगले पडले. होस्टेलच्या जेवणाला नावं ठेवते आणि माझ्याकडे आमटीभातावर आडवा हात मारते. तिनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

तुमची
सुनीती


नॉटिंगहॅम
१ मार्च १९९८

ती. वहिनींना नमस्कार.

‘चार पानं लिहिलीस. हो की नाही, ते लिहिलं नाहीस.’ एवढंच तुमचं दुसरं पत्र. आणि खाली, वेगळ्या शाईत : ‘चार वर्षं घरात हिरवं पान आणलेलं नाही. पोह्यांवर कोथिंबीरसुद्धा नाही. हे ताटाकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे.’

पहिल्यांदा मला राग आला. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोन दिवस उघडलं नाही. मग कळलं की राग तुमचा नाहीच.

तर ऐका. नाही. मेथीमुळे झालं नाही. पंधरा दिवसांत दोनदा पराठे खाऊन आकडा एवढा कोसळत नाही. दादाचा आकडा तीन-चारच्या मधे असायला हवा होता, हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी दीडसुद्धा भरला नाही. तेवढं व्हायला आठवडेच्या आठवडे, रोजच्या रोज काहीतरी पोटात जावं लागतं. माझ्या मते ते चहामुळे झालं. दुधाच्या चहामुळे नाही. त्या जपानी पुडीमुळे.

तुम्हाला सगळं मुळापासून सांगायला हवं. शहाऐंशीत दादा मेडनहेडच्या त्या जपानी कंपनीत लागला आणि त्याच्या साहेबांनी, नाकाजिमांनी, त्याला हिरव्या चहाची गोडी लावली. पहिलं पाकीट घरी आलं तेव्हा तुम्ही ती पानं आलं-साखर-दूध घालून चांगली खळखळा उकळलीत आणि म्हणालात, ‘हे गवत आहे, भावोजींनी फसवलं.’ नाकाजिमांना भावोजी म्हणणारी या देशात तुम्ही एकट्याच. पुढे दादा शिकला. पाणी उकळून जरा निवू द्यायचं, दोन मिनिटं पानं भिजवायची, गाळून घ्यायची. फिकट पिवळं, वासाला मक्याच्या कणसासारखं, नावाला तुरट. मलाही हळूहळू आवडायला लागलं.

ते त्याला चालत होतं. का चालत होतं ते सांगते. के जीवनसत्त्व पाण्यात उतरत नाही, पानातच राहतं. आणि पानं आपण गाळणीत टाकून देतो. पानात काहीही असलं तरी कपात आलं फक्त पाण्याच्या वाट्याचं. सात वर्षं तो रोज दोन-तीन कप प्यायला आणि पिवळ्या पुस्तकातला आकडा जागचा हलला नाही.

माचाचं, म्हणजे त्या पुडीचं, तसं नाही. झाड तेच, पान तेच, पण खुडायच्या आधी तीन आठवडे मळ्यावर सावली धरतात, त्यामुळे पान जास्तच हिरवं होतं. मग वाळवून, शिरा काढून, जात्यावर दळतात, अगदी अंगाला लावायच्या पावडरीसारखं मऊ. आणि ती पूड पाण्यात घुसळून सगळीच्या सगळी पितात. गाळायचा प्रश्नच नाही. फोडणीतला कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवणं वेगळं आणि मूठभर कढीपत्ता चटणीत वाटून खाणं वेगळं. माचा म्हणजे चटणी. चव तशीच, कडसर, दाट, वर फेस. नुसत्या चवीवरूनही कळावं की हा चहा प्यायचा नाही, खायचा आहे.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात नाकाजिमांची बदली झाली आणि जाताना ते दादाला माचाचे बारा डबे देऊन गेले. फेब्रुवारीत दादा पडला. मधल्या दोन महिन्यांत रक्त तपासलंच गेलं नाही, पुढची तारीख पंधरा दिवसांवर होती. दादाला नव्याची हौस. त्यानं ते कुणाला विचारलंही नसेल.

तेव्हा मेथी आणा, वहिनी. तुमच्या हातून काही झालेलं नाही.

सुनीती


नॉटिंगहॅम
२२ मार्च १९९८, रविवार

वहिनी,

आज इथे मदर्स डे. सकाळी अकराला मीनल आली, हातात डॅफोडिल्स आणि एक कार्ड. तुमच्यासाठी आणलं असेल आणि पत्ता लिहायला पेन हवं असेल, असं मला वाटलं. कार्ड मला होतं. आत लिहिलंय : ‘आत्या, तू माझा खरा आई आहेस.’ तिचं मराठी तसंच आहे, आई पुल्लिंगी झाली तरी तिला पत्ता नसतो. मी हसले, तिला जवळ घेतलं, वरणाला फोडणी दिली, वाढलं. ती तीनच्या बसनं गेली. आता चार वाजलेत आणि मी लिहायला बसले आहे, कारण आज लिहिलं नाही तर मी ते कार्ड ठेवून घेईन.

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. ‘कुणाला विचारलंही नसेल.’ त्यानं विचारलं होतं. मला.

डिसेंबरातला रविवार होता. मी ख्रिसमसची कार्डं लिहीत बसले होते आणि फोन आला.

‘सुनी, नाकाजिमा गेले बघ ओसाकाला. बारा डबे ठेवून गेलेत. माचा म्हणतात. हिरवीगार पूड आहे, घुसळून प्यायची. माझ्या गोळीला चालेल ना?’

‘कसली पूड?’

‘चहाचीच गं. ग्रीन टी.’

‘मग? ग्रीन टी सात वर्षं पितोयस ना? पान काय नि पूड काय!’

‘तरी क्लिनिकला विचारू का?’

‘विचार की. सांग त्यांना, बहीण फार्मसिस्ट आहे पण तिच्यावर भरवसा नाही.’

तो हसला आणि त्यानं विचारलं नाही.

मी माचा हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता, वहिनी. शहाऐंशीत पानांच्या चहाबद्दल त्यानं विचारलं तेव्हा मी तीन दिवस पुस्तकं चाळली होती, क्लिनिकला फोन केला होता, त्याला दोन पानी पत्र लिहिलं होतं. या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की मला माहीत नाही, बघून सांगते. ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. कॉलेजात निघालं नाही, कामावर निघत नाही. आपल्या घरात कुणाला शिंक आली तरी ‘सुनीतीला विचारा’, आणि मला ते आवडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. जपानी माणूस बांबूच्या चिमुकल्या चमच्यानं चिमूटभर पूड घेतो, एक वाटी पितो. चार दिवसांनी दादा फोनवर म्हणाला, ‘घुसळायला फार वेळ जातो गं, सातला घरातून निघायचं असतं, खाली गाळ बसतो.’ मी म्हटलं, ‘मग अप्पा चूर्ण चाटायचे तसं मधातून चाट. सकाळ, दुपार, संध्याकाळ.’

मी गंमत केली होती. पण आपल्याकडे चूर्ण म्हटलं की चमचा शिगोशीग. आणि आमच्या अप्पांच्या पोरांना औषधाची गोष्ट गंमत म्हणून कळत नाही. दिवसाला तीन शिगोशीग चमचे त्यानं दोन महिने मधातून चाटले. दुसऱ्या कुणाला काही झालं नसतं. त्याला झालं. त्यात चहाचा दोष नाही. क्लिनिकला नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी गोळी वाढवून दिली असती आणि तो सुखानं चाटत राहिला असता.

आता पुढचं.

तो पडला तो गुरुवार. मी गाडी हाणत संध्याकाळी पोचले. तरुण डॉक्टरनं विचारलं, खाण्यात काही वेगळं? तुम्ही रडत होतात, नंदा म्हणाली, मेथी आणली होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘वहिनी, पुस्तकात लिहिलेलं असतं हो! मेथी कशी दिलीत?’ तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं, शपथेवर सांगते. अजून वाटतं, तिथेच सगळं थांबलं असतं तर मी एक उर्मट नणंद ठरले असते आणि कधीतरी माफी मागून मोकळी झाले असते.

शुक्रवारी सकाळी हॅरोच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकायला गेले. साखर शोधताना मधाची बाटली हाताला लागली. तिचं तोंड हिरवं झालं होतं. शेजारी वाटीत चमचा, तोही हिरवा. मागे डबे. नऊ रिकामे झाले होते, त्यात तुम्ही धुऊन पुसून मोहरी-जिरं भरून ठेवलं होतं. तीन भरलेले. एकाचं झाकण उघडून मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, वहिनी. वीस वर्षं हेच काम करते.

मी चमचा घासला, बाटली पुसली आणि ते तीन डबे माझ्या बॅगेत घातले. मोटरवेवर लेस्टरच्या अलीकडे सर्व्हिस स्टेशनच्या कचरापेटीत टाकले. आठवड्यानं तुम्ही फोनवर विचारलंत, ‘यांच्या त्या चहाचे डबे दिसत नाहीत गं.’ मी म्हटलं, ‘तारीख उलटली होती, टाकले.’ आपलं शेवटचं धड बोलणं ते. त्यानंतर आईचं पुण्याहून पत्र आलं, ‘माझ्या मुलाला सुनेनं हातानं आजार वाढला’ असं, आणि तुम्ही आमच्याशी बोलणं सोडलंत. आईला ते कुणी कळवलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

मी स्वतःला काय काय समजावलं! घरात आता ती पूड नाही, म्हणजे धोका नाही. डॉक्टर गोळी नव्यानं ठरवताहेत. सांगून दादाचा हात थोडाच हलणार आहे? माझी नोकरी जाईल, त्याचा कुणाला फायदा? प्रत्येक मुद्दा बिनतोड. मला वादात हरवणं सोपं नाही, तुम्हाला माहीत आहे.

दादा बोलू शकत नव्हता, पण तुम्ही बाहेर गेलात की माझ्याकडे बघून डाव्या हाताचा अंगठा नि दोन बोटं जुळवायचा आणि तोंडाशी न्यायचा. तुम्ही फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, ‘असं केलं की चहा मागतात.’ तो चहा मागत नव्हता. चमचा चाटून दाखवत होता. मला विचारत होता की दोष देत होता, ते चार वर्षांत कळलं नाही, कारण मी त्याला एकदाही विचारलं नाही. दुधाचा चहा करून आणायचे आणि भरवायचे. तो प्यायचा.

पहिल्या पत्रात आणखी एक खोटं आहे. मीनलनं नमस्कार सांगितला नव्हता. तुमचा विषय निघाला की ती उठून जाते. तिनं हे विद्यापीठ निवडलं ते मी इथे आहे म्हणून आणि तुम्ही इथे नाही म्हणून. ती मला का धरून आहे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिच्या मनातल्या गुन्हेगारापासून मी तिला आसरा दिला. फुकट मिळालेलं लेकरू होतं, मी घेतलं.

माफ करा असं लिहीत नाही. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच की तुमचा काडीचा दोष नव्हता, आणि हे मला अठरा फेब्रुवारी चौऱ्याण्णवच्या सकाळी आठ वाजल्यापासून माहीत होतं.

सुनीती


नॉटिंगहॅम
२ एप्रिल १९९८, गुरुवार

वहिनी,

तुमचं उत्तर शनिवारी मिळालं. शिव्या असतील म्हणून उभ्यानंच उघडलं. ‘आईंना तू कळव. डॉक्टरांना तू कळव. मीनलला तू सांग, समोर बसवून. मी तिच्याकडे माझी वकिली करणार नाही.’ खाली सही नाही. बरोबर आहे. माझ्याकडे मागण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

आईला रविवारी सकाळी फोन केला. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘मधुमतीला मी काय काय लिहिलं गं.’ आणि फोन ठेवला. तिच्याजवळ असणाऱ्या काकूनं नंतर कळवलं, त्या दिवशी ती जेवली नाही. एक्याऐंशीव्या वर्षी तिच्यावर ही वेळ मी आणली. ती तुम्हाला लिहील. उत्तर द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा.

हॉस्पिटलच्या कन्सल्टंटना सविस्तर लिहिलं आहे, डब्यांसकट. माझ्या वरिष्ठांनाही सांगितलं. पुढे चौकशी होईल ती होईल. त्याची भीती वाटेल असं वाटलं होतं, पण जी भीती वाटायची ती सगळी मीनलकडे गेली होती.

तिला रविवारी जेवायच्या आधीच सांगितलं. जेवल्यावर सांगणं मला जमलं नसतं, माझ्या हातचं खाऊन तिनं ते ऐकावं असं वाटेना. ती टेबलाशी बसली होती, मी समोर. फोन, मध, डबे, कचरापेटी, काही गाळलं नाही. तिला तुमच्यासारखं गप्प बसता येतं, हे मी तेव्हा पाहिलं.

मग म्हणाली, ‘फोनवर चुकला, ते ओके आहे, आत्या. लोक चुकतात. आय कॅन लिव्ह विथ दॅट.’

मी मूर्खासारखी जरा सैल झाले.

‘पण डॅड पडला, त्या सॅटर्डेला,’ ती म्हणाली, ‘आपल्या किचनमध्ये मी आईला काय बोलली, तुला आठवतं?’

मला आठवत होतं. तुम्हालाही आठवत असणार. पंधरा वर्षांची पोर तुमच्यासमोर ते पिवळं पुस्तक आपटून म्हणाली होती, ‘यू कॅन रीड, कान्ट यू? डॅडला तू केलंस हे!’ तुम्ही ओट्याला धरून उभ्या होतात.

‘तू सिंकपाशी होती,’ मीनल म्हणाली. ‘कप धुवत होती. तेव्हा तुला माहीत होता?’

‘हो.’

‘डबे कुठे होते?’

‘माझ्या बॅगेत. हॉलमध्ये.’

‘आणि तू कप धुवत राहिली.’

‘हो.’

‘आई माझ्याकडे बघत नव्हती, आत्या. ती तुझ्याकडे बघत होती. मला वाटला ती गिल्टी आहे म्हणून माझ्याकडे बघत नाही. ती तुझ्याकडे बघत होती, की तू तरी काहीतरी बोलशील. कारण तू एक्स्पर्ट.’

वहिनी, मला ते दिसलं होतं. मी पाठ केली होती तुमच्याकडे, पण सिंकवरच्या खिडकीत तुमचा चेहरा दिसत होता. चार वर्षं हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मागच्या पत्रात तुम्हाला सगळं लिहून टाकलं असं समजून मी पाकीट चिकटवलं, आणि हेच त्यात नव्हतं.

ती उठून बाथरूममध्ये गेली. नळ सोडून रडत होती. मी बाहेर उभी राहिले, दार वाजवायचा मला हक्क नव्हता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. कोट घातला. मी म्हटलं गाडीनं सोडते, नको म्हणाली. जेवण तसंच राहिलं.

मला वाटलं ती आता तुम्हाला फोन करेल, पण नाही केला. काल संध्याकाळी पुन्हा आली, दारातच उभी राहिली, आत बोलावलं तरी आली नाही. टर्म संपली, शनिवारची गाडी धरून हॅरोला जाते म्हणाली. म्हटलं, आईला फोन कर, घ्यायला येतील. तर म्हणाली, ‘फोनवर काय बोलू? हॅलो आई, सॉरी?’ डॅडच्या फ्युनरललासुद्धा तुमच्या शेजारी उभी राहिली नाही, दोन माणसं मधे ठेवली, ते तिनं स्वतःच काढलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा भरून दिलात आणि ती तो हॉलमध्ये तसाच ठेवून निघून आली, तेही मला काल कळलं.

मी कधी परत येशील असं विचारलं नाही. कुठे राहशील पुढच्या वर्षी, तेही नाही. तिनं आपणहूनच सांगितलं, रविवारी येणार नाही. मी बरं म्हटलं.

हे पत्र फर्स्ट क्लासनं टाकते आहे, म्हणजे उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. फोन मीच केला असता, पण माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून द्याल आणि गाडीची वेळ राहून जाईल. ती नॉटिंगहॅमहून साडेअकराच्या गाडीनं निघते आहे, सव्वाच्या सुमाराला सेंट पॅन्क्रसला उतरेल. निळा कोट आहे, केस तिनं कापलेत, मागून ओळखू यायची नाही. पुढे मेट्रोपॉलिटन लाइननं एकटी येईन म्हणते. अर्ध्या तासाचं अंतर आहे, तिच्या पायाखालची वाट आहे, सगळं खरं. तरी तुम्ही जा, वहिनी. माझ्यासाठी काही मागायचं मी सोडलं आहे. हे तिच्यासाठी मागते.

काल जाताना ती पायरीवर थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आई दार उघडणार नाही.’

मी म्हटलं, ‘उघडतील गं.’

‘मी नसता उघडला,’ ती म्हणाली.

तिला दारापर्यंत एकटीला येऊ देऊ नका.

सुनीती